डोकं खेळाडूचं, निर्णय कुणाचा?

जमैकातल्या किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर एप्रिल १९७६ मध्ये झालेल्या कसोटीचा धावफलक आज कुणालाही पाहता येतो. भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला. बाद झाले पाच फलंदाज, एक नाबाद राहिला. उरलेल्या पाच नावांपुढे एकच शेरा आहे: जखमी, अनुपस्थित. ती नावं अंशुमान गायकवाड, गुंडाप्पा विश्वनाथ, ब्रिजेश पटेल, बिशनसिंग बेदी आणि भागवत चंद्रशेखर यांची. वेस्ट इंडिजला जिंकायला १३ धावा हव्या होत्या, त्या त्यांनी एकही गडी न गमावता काढल्या.

हा शेरा सामना संपला त्या क्षणी कागदावर नव्हता. पाच गडी बाद ९७ वर कर्णधार बेदींनी डाव घोषित केला, असाच सुरुवातीला सगळ्यांचा समज झाला. नंतर भारतीय बाजूनं खुलासा केला की डाव घोषित केलेला नाही, तो संपला आहे, कारण मैदानात उतरू शकेल असा माणूसच उरलेला नाही. धावसंख्या तीच राहिली, निकालही तोच राहिला. पण डाव घोषित केला म्हटलं तर तो कर्णधाराचा डावपेच ठरतो, आणि डाव संपला म्हटलं तर पाच शरीरांची अवस्था दप्तरी नोंदली जाते. बेदींनी दुसरी नोंद आग्रहानं करून घेतली.

व्यावसायिक खेळाडूच्या शरीरावर कुणाचा हक्क, हा प्रश्न हल्ली कायद्याच्या भाषेत विचारला जातो. कुठलं संरक्षक साधन वापरायचं, जखमी असताना खेळायचं की थांबायचं, थांबायचं तर तो शब्द खेळाडूचा, कर्णधाराचा, मंडळाचा की डॉक्टरचा? क्रिकेटपुरतं या प्रश्नाचं उत्तर गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदललं. ते कसं बदललं हे धावफलक, चौकशी अहवाल, ब्रिटिश मानकाचा दस्तऐवज आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या म्हणजे आयसीसीच्या नियमावल्या एकापुढे एक मांडल्या की दिसतं.

पुन्हा किंग्स्टनकडे. पहिल्या डावात सुनील गावसकर आणि गायकवाड यांनी १३६ धावांची सलामी दिली होती. त्यानंतर खेळपट्टीच्या एका टोकाकडून चेंडू वेडेवाकडे उसळू लागले आणि मायकेल होल्डिंग यांनी अंगावर मारा सुरू केला. चष्मा लावून खेळणाऱ्या गायकवाडांनी तासन् तास तो अंगावर झेलला. ८१ धावांवर असताना चेंडू त्यांच्या डाव्या कानावर बसला, पडदा फाटला, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. विश्वनाथ यांचं बोट मोडलं, पटेल यांच्या तोंडावर चेंडू लागून टाके पडले. सहा गडी बाद ३०६ वर बेदींनी पहिला डाव घोषित केला. तळाला येणाऱ्या स्वतःला आणि चंद्रशेखर यांना या माऱ्यापुढे उभं करायचं नाही, हे त्यामागचं कारण होतं. पुढे क्षेत्ररक्षण करताना या दोघांचीही बोटं दुखावली. गावसकरांनी त्याच वर्षी आलेल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात किंग्स्टनच्या प्रेक्षकांबद्दल जे लिहिलं, ते आजही वाचणाऱ्याला झोंबतं.

पण या सामन्याच्या कोणत्याही कागदात एक गोष्ट सापडत नाही. गायकवाडांना ‘आता पुरे’ म्हणण्याचा हक्क होता का, आणि म्हटलं असतं तर त्यांच्या जागी कोण आलं असतं? दुसऱ्या भागाचं उत्तर नियमात होतं: कुणीही नाही. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकत असे, फलंदाजी किंवा गोलंदाजी करू शकत नसे. म्हणजे जखमी फलंदाजानं तंबूत परतायचं ठरवलं, तर त्याची किंमत उरलेल्या दहा जणांनी मोजायची. कागदावर परतण्याचा हक्क प्रत्येकाला होता. तो वापरणाऱ्याला मात्र संघाला तोंडघशी पाडल्याचं ओझं वाहावं लागे.

त्याआधी चौदा वर्षं, मार्च १९६२ मध्ये, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू बसला होता. हा दौऱ्यातला बार्बाडोसविरुद्धचा सामना होता, कसोटी नव्हती. कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की समोर साइटस्क्रीन नव्हता आणि ऐन वेळी पॅव्हिलियनमधली एक खिडकी उघडल्यानं त्यांचं लक्ष क्षणभर विचलित झालं. कवटीला तडा गेला. लागोपाठ शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक दिवस ते शुद्धीवर नव्हते. रक्त द्यायला पुढे आले ते वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल, आणि त्यांच्यासोबत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू. बंगालची क्रिकेट संघटना वॉरेल यांच्या स्मरणार्थ ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरवते, त्याचं मूळ या प्रसंगात आहे.

कॉन्ट्रॅक्टर कच्च्या दिलाचे नव्हते. १९५९ च्या लॉर्ड्स कसोटीत बरगड्या मोडलेल्या असताना त्यांनी ८१ धावा केल्या होत्या. डोक्यात धातूची पट्टी बसवून ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, १९७०-७१ पर्यंत खेळत राहिले. पुन्हा कसोटी खेळण्याची त्यांची मनापासून इच्छा होती. ती पुरी झाली नाही. ३१ कसोटींवर कारकीर्द थांबली, आणि ब्रिजटाउनच्याच पुढच्या कसोटीत २१ वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले. लॉर्ड्सवर मोडक्या बरगड्यांनिशी खेळताना त्यांना कुणी अडवलं नाही, आणि पुढे खेळायची तयारी असताना कुणी बोलावलं नाही. कॉन्ट्रॅक्टर यांचं म्हणणं नोंदवून त्यावर वैद्यकीय मत मागवायचं, अशी रीतच तेव्हा नव्हती. शरीर त्यांचं होतं, त्यावरचा शेवटचा शब्द निवड समितीचा. ती पट्टी डोक्यातून निघाली थेट २०२२ मध्ये, साठ वर्षांनी.

याच केन्सिंग्टन ओव्हलवर मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यलप हेल्मेट घालून फलंदाजीला उतरले. कसोटीत हेल्मेट घालणारे ते पहिले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याआधी काही महिने केरी पॅकर यांच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटमध्ये अँडी रॉबर्ट्स यांच्या चेंडूनं डेव्हिड हुक्स यांचा जबडा मोडला होता, आणि डेनिस एमिस यांनी मोटारसायकलस्वाराच्या धर्तीचं हेल्मेट वापरायला सुरुवात केली होती. मंडळांच्या क्रिकेटमध्ये ते आणायला कुणाची परवानगी लागली नाही, कारण नियमांत डोक्यावर काय घालावं याचा उल्लेखच नव्हता. प्रत्येकानं आपापलं ठरवायचं.

प्रत्येकानं आपापलं ठरवलंही. व्हिव्हियन रिचर्ड्स शेवटपर्यंत टोपीवर खेळले. गावसकरांनी १९८३ च्या सुमारास फायबरग्लासची एक पातळ कवटीटोपी करून घेतली. ती कानशिलं झाकत असे आणि वर नेहमीची पांढरी हॅट बसत असे. पूर्ण हेल्मेटनं आपल्या हालचालीत अडथळा येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. वेगवान गोलंदाजीचा सामना त्यांच्याइतका क्वचितच कुणी केला असेल. अशा माणसानं स्वतःच्या डोक्यासाठी काय योग्य हे स्वतः ठरवलं, तर त्याला नाव ठेवायला जागा नाही. वैयक्तिक हक्काची बाजू गावसकरांच्या या टोपीइतकी नेटकी दुसऱ्या कशातच दिसत नाही. अनुभव होता, विचार होता, उपायही स्वतःच शोधलेला होता.

ढाक्यात १९९८ मध्ये याच हक्काचा दुसरा चेहरा दिसला. २० फेब्रुवारीला बंगबंधू स्टेडियमवर ढाका लीगमध्ये आबाहनी आणि मोहामेडन स्पोर्टिंग यांचा सामना चालू होता. भारताकडून कसोटी खेळलेले रमण लांबा आबाहनीकडून शॉर्ट लेगला येऊन उभे राहिले. षटकातले तीन चेंडू उरले होते. हेल्मेट मागवू का, असं त्यांना विचारण्यात आलं. तीनच तर चेंडू आहेत, म्हणून त्यांनी नको सांगितलं. मेहराब हुसेन यांनी मारलेला चेंडू लांबांच्या डोक्यावर आदळून यष्टिरक्षकाच्या हाती गेला. फलंदाज झेलबाद झाला. तीन दिवसांनी लांबा गेले. वय ३८.

गावसकरांचा निर्णय आणि लांबांचा निर्णय नियमाच्या दृष्टीनं एकाच जातीचे. दोघांनीही आपला हक्क वापरला. एकाच्या मागे विचार होता, दुसऱ्याच्या मागे खेळ खोळंबू नये एवढीच घाई. नियम या दोहोंत फरक करत नव्हता, करूही शकत नव्हता. निवड खेळाडूवर सोडायची म्हटली की ती त्याच्या शहाणपणावर सोडली जाते, तशीच त्याच्या घाईवर, भिडेवर आणि मैदानावरच्या बेफिकिरीवरही सोडली जाते.

पुढचा टप्पा खेळाडूबद्दलचा नव्हता, वस्तूबद्दलचा होता. हेल्मेट घातलेल्या फलंदाजांनाही लागतच होतं. चेंडू हेल्मेटची कड आणि तोंडावरची जाळी यांच्यामधल्या फटीतून आत घुसत असे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा ३५ दुखापतींच्या चित्रफिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक आलं. त्यात जाळीची चाचणी खऱ्या चेंडूच्या आकाराची आणि सामन्यातल्या वेगाची होती. चेंडू फटीतून तोंडाला भिडतो की नाही, हे पाहिलं जाऊ लागलं. पण मानक हे उत्पादकासाठी असतं. खेळाडूनं जुनं, सवयीचं हेल्मेट घातलं तर त्याला हरकत घ्यायचा अधिकार या कागदाला नव्हता.

इथवरची कागदपत्रं तुटपुंजी आहेत. २५ नोव्हेंबर २०१४ नंतर मात्र त्यांचा पूर लोटला. त्या दिवशी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर न्यू साउथ वेल्सविरुद्ध शेफील्ड शील्डचा सामना खेळताना साउथ ऑस्ट्रेलियाचे फिलिप ह्यूज ६३ धावांवर होते. शॉन अ‍ॅबट यांचा उसळता चेंडू हुक करायला ते वळले, फटका आधी पूर्ण झाला, चेंडू मानेच्या डाव्या बाजूला, हेल्मेटच्या खाली बसला. क्षणभर ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि मग तोंडावर कोसळले. मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. २७ नोव्हेंबरला सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात त्यांचं निधन झालं. तीन दिवसांनी त्यांचा सव्विसावा वाढदिवस होता.

धावफलकानं इथंही आपली नोंद बदलली. नियमाप्रमाणे ह्यूज जखमी होऊन निवृत्त, अशी नोंद होती. क्रिकेट ऑस्ट्रेलियानं ती कायमची ‘नाबाद ६३’ अशी करून घेतली. किंग्स्टनला दुरुस्तीनं जखमा दप्तरी आणल्या होत्या, सिडनीला दुरुस्तीनं खेळाडूचा मान राखला. पण मृत्यूचं कारण शोधण्याचं काम धावफलकाचं नव्हतं. ते दोन चौकशांनी केलं.

पहिली क्रिकेट ऑस्ट्रेलियानं नेमलेली, ज्येष्ठ वकील डेव्हिड कर्टन यांची. तिचा अहवाल मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरी न्यू साउथ वेल्सचे राज्य कॉरोनर मायकेल बार्न्स यांची न्यायालयीन चौकशी. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाच दिवस साक्षी झाल्या आणि ४ नोव्हेंबरला निष्कर्ष जाहीर झाले. खेळाडूच्या संरक्षणाबद्दल क्रिकेटमध्ये इतका तपशीलवार लिहिलेला दुसरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही.

कॉरोनरनी चार गोष्टी तपासल्या. एक, खेळाचं स्वरूप. त्या दिवशी टाकल्या गेलेल्या २३ उसळत्या चेंडूंपैकी २० ह्यूज यांच्या वाट्याला आले होते. तरीही पंचांनी नियम लावण्यात कसूर केली असं बार्न्स यांना आढळलं नाही. ह्यूज आखूड माऱ्याला तोंड द्यायला समर्थ होते आणि ते सहजपणे खेळत होते, असं त्यांनी नोंदवलं. दोन, मैदानावरची शेरेबाजी. खेळाडूंनी शपथेवर ती नाकारली. कॉरोनरचा त्या नकारांवर फारसा विश्वास बसला नाही, पण तिचा ह्यूज यांच्या खेळावर परिणाम झाला असंही त्यांना दिसलं नाही. तीन, तातडीची मदत. मैदानावरून डॉक्टरला आणि रुग्णवाहिकेला कसं बोलवायचं, त्याच्या खुणा कोणत्या, हे तिथे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. रुग्णवाहिका बोलावायला उशीर झाला. उशीर झाला नसता तरी जीव वाचला नसता, इतकी ती जखम गंभीर होती, हेही त्यांनी लिहिलं.

चौथा मुद्दा हेल्मेटचा. ह्यूज यांचं हेल्मेट जुन्या बनावटीचं होतं, २०१३ च्या मानकात बसणारं नव्हतं. त्यानंतरचं सुधारित हेल्मेट बाजारात होतं. पण नवंच हेल्मेट घाला, अशी सक्ती क्रिकेट ऑस्ट्रेलियाची नव्हती. नवं हेल्मेट असतं तरी चेंडू लागला ती जागा झाकली गेली नसती, असाच दोन्ही चौकशांचा निष्कर्ष आहे. मग निष्काळजीपणा कुणाचा? अहवालाचं उत्तर सरळ आहे: कुणाचाच नाही. चेंडूचा अंदाज जरासा चुकला, एवढंच. पण ‘कुणाचाच दोष नाही’ या निष्कर्षापाशी बार्न्स थांबले नाहीत. मानेचं रक्षण करणारं साधन विकसित करा, आणि प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत ते सक्तीचं करता येईल या दिशेनं काम करा, अशी शिफारस त्यांनी केली. दोष कुणाचा नसला तरी कर्तव्य कुणाचं तरी असतं, हे क्रिकेटच्या दप्तरात प्रथमच इतक्या स्वच्छपणे आलं. ते कर्तव्य मंडळाचं ठरलं.

कर्टन अहवालानं त्याआधीच पावलं सांगितली होती: वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजीसमोर मानकात बसणारं हेल्मेट सक्तीचं, फलंदाजाच्या जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांना आणि यष्ट्यांजवळच्या यष्टिरक्षकालाही. शिवाय डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण बदली खेळाडू देण्याचा प्रयोग. मानेच्या संरक्षकाची सक्ती मात्र कर्टन यांनी केली नाही, कारण त्याचं मोजमाप करणारं मानकच तेव्हा नव्हतं. ते २०१९ मध्ये आलं.

इंग्लंडनं २०१६ मध्ये व्यावसायिक क्रिकेटपटूंना हेल्मेट सक्तीचं केलं. आयसीसीनं १ फेब्रुवारी २०१७ पासून अर्धं पाऊल टाकलं: हेल्मेट घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा, घालणार असाल तर मानकातलंच घाला. न ऐकणाऱ्याला पहिल्या दोन वेळा ताकीद, तिसऱ्यांदा एका सामन्याची बंदी. या तरतुदीतली गंमत अशी की उघड्या डोक्यानं खेळणाऱ्याला शिक्षा नव्हती, जुनं हेल्मेट घालणाऱ्याला होती. हक्क आणि सुरक्षा दोन्ही राखायला गेलं की असे नियम तयार होतात. पुरी सक्ती यायला १ जून २०२३ उजाडलं. वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्ट्यांजवळ उभा यष्टिरक्षक आणि फलंदाजाच्या पुढे अगदी जवळ उभा क्षेत्ररक्षक, या तिघांना आता हेल्मेट घालावंच लागतं. लांबांची जागा या तिसऱ्या वर्गात येते. नियम पंचवीस वर्षं उशिरा आला.

मानेच्या संरक्षकाला खेळाडूंकडूनच विरोध झाला. फोम आणि प्लॅस्टिकचे ते दोन छोटे तुकडे हेल्मेटच्या मागे, कानांखाली अडकवायचे असतात. स्टीव्ह स्मिथ यांनी सांगितलं की ते लावले की आपल्याला कोंडल्यासारखं होतं, एमआरआयच्या यंत्रात अडकल्यासारखं, आणि हृदयाचे ठोके वाढतात. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बुजलेला फलंदाज कमी सुरक्षित असतो, असं म्हणायला जागा आहे. गावसकरांनी पूर्ण हेल्मेट नाकारताना हेच म्हटलं होतं.

आणि नेमके स्मिथच १७ ऑगस्ट २०१९ रोजी लॉर्ड्सवर, ८० धावांवर असताना, जोफ्रा आर्चर यांच्या चेंडूनं मानेवर मार खाऊन आडवे झाले. संरक्षक लावलेला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, त्या वेळच्या चाचण्यांत ते उत्तीर्ण झाले आणि पाऊण तासानं पुन्हा फलंदाजीला आले. ९२ वर पायचीत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जड डोक्यानं उठले, पुन्हा तपासणी झाली, कन्कशनचं निदान झालं. मेंदूला बसलेला असा धक्का कधी कधी तासांनी, कधी रात्र उलटल्यावर लक्षणं दाखवतो. त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन आले आणि कसोटी इतिहासातले पहिले कन्कशन बदली खेळाडू ठरले. आयसीसीचा तो नियम लागू होऊन अवघा पंधरवडा झाला होता.

क्रिकेट ऑस्ट्रेलियानं मानेचे संरक्षक १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचे केले, कॉरोनरच्या शिफारशीनंतर सात वर्षांनी. स्मिथ यांनी नापसंती व्यक्त केली आणि ते लावून खेळू लागले. नापसंतीचा अधिकार राहिला, नकाराचा गेला.

साधनांपेक्षा मोठा बदल आहे तो १ ऑगस्ट २०१९ च्या या कन्कशन नियमाचा. किंग्स्टनला गायकवाडांपुढे जो प्रश्न होता, त्याचं तो उत्तर आहे. डोक्याला मार लागून परतणाऱ्या खेळाडूची जागा आता रिकामी राहत नाही. बदली येतो, फलंदाजी करतो, गोलंदाजीही करतो. ‘मला ठीक वाटत नाही’ असं सांगण्याची किंमत आता दहा जणांना मोजावी लागत नाही. जो हक्क १९७६ मध्ये नावापुरता होता, तो वापरता येण्याजोगा झाला तो इथे. कारण सक्तीनं धोका घटतो, पण खरं बोलायची मोकळीक पर्याय असल्याशिवाय मिळत नाही.

ही मोकळीक डोक्यापुरतीच आहे. मे २००२ मध्ये अँटिग्वात अनिल कुंबळे मोडलेला जबडा पट्टीनं बांधून १४ षटकं टाकायला आले आणि ब्रायन लारांना बाद करून गेले. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत मोडक्या पायानिशी फलंदाजीला उतरले. पुढच्याच कसोटीत, ओव्हलवर, ख्रिस वोक्स खांदा निखळलेला हात स्वेटरखाली बांधून आले. आपण अशा दृश्यांवर टाळ्या वाजवतो. पण तिघांच्याही मागे नियम तोच होता: तुझ्या जागी दुसरा मिळणार नाही. गंभीर दुखापतीला बदली द्यावा, असं भारताचे प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाले; इंग्लंडचे कर्णधार बेन स्टोक्स यांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली. भारतीय क्रिकेट मंडळानं म्हणजे बीसीसीआयनं २०२५-२६ च्या हंगामापासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत तशी तरतूद केली, हे मंडळाचं श्रेय आहे.

कन्कशनच्या नियमात निर्णय कुणाचा, हे मात्र बारकाईनं वाचायला हवं. निदान करायचं संघाच्या वैद्यकीय प्रतिनिधीनं. बदलीची मागणी करायची संघानं. मंजुरी द्यायची सामनाधिकाऱ्यानं, बदली मूळ खेळाडूच्या तोडीचा आहे की नाही ते पाहून. त्याचा निर्णय अंतिम, अपील नाही. या साखळीत ज्याचं डोकं आहे त्याचं नाव येतं ते रुग्ण म्हणून.

त्यामुळे संशयाला जागा उरते. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजांच्या हेल्मेटवर मिचेल स्टार्क यांचा चेंडू लागला. ते षटक संपेपर्यंत खेळत राहिले. नंतर त्यांच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहल यांनी तीन बळी घेऊन सामना फिरवला. ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकांनी सामनाधिकाऱ्यांकडे नाराजी व्यक्त केली. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर तेच झालं. अर्धशतक काढणारे शिवम दुबे शेवटच्या षटकात हेल्मेटवर चेंडू लागून बाहेर गेले, त्यांच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणा आले आणि तीन बळी घेऊन गेले. भारत १५ धावांनी जिंकला. हा बदल तोडीस तोड नव्हता, असं प्रतिस्पर्धी इंग्लंडचे जॉस बटलर उघडपणे म्हणाले. दोन्ही वेळा चर्चा रंगली ती संघाला फायदा झाला की नाही यावर. दोन खेळाडूंच्या मेंदूची तपासणी कुणी केली आणि तो माणूस कुणाचा पगारी होता, यावर फारशी नाही.

खरा प्रश्न तोच आहे. संघाचा डॉक्टर प्रामाणिक असतोच, पण त्याचा मालक संघ असतो. मोठ्या सामन्याच्या दिवशी हुकमी फलंदाजाला बसवायचा निर्णय त्याला घ्यावा लागतो, आणि कधी नको असलेल्या माणसाला बसवायचा मोहही त्याच्याभोवती असतो. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलनं २०१३ पासून संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानावर नेमले. ऑस्ट्रेलियाचे तरुण सलामीवीर विल पुकोव्हस्की यांना वारंवार कन्कशन झालं, तेव्हा त्यांच्या प्रकरणाचा विचार स्वतंत्र वैद्यकीय मंडळानं केला आणि निवृत्तीचा सल्ला दिला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी तो जाहीरपणे स्वीकारला. सत्तावीस वर्षांच्या खेळाडूच्या कारकिर्दीचा असा शेवट क्लेशदायक आहेच. पण १९६२ नंतर कॉन्ट्रॅक्टर यांच्या बाबतीत जे कधी झालं नाही, ते इथे झालं: निर्णय डॉक्टरांच्या अभ्यासावर उभा राहिला आणि तो खेळाडूनं स्वतःच्या तोंडानं सांगितला.

भारतात ही बाजू लंगडी आहे. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये उभी राहिलेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही माजी खेळाडूंची संघटना आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीनं बीसीसीआयशी वाटाघाट करणारी संघटना नाही. म्हणजे हेल्मेट, मानेचा संरक्षक, कन्कशनची तपासणी, पुनरागमनाची तारीख, या कशाबद्दलही भारतीय खेळाडूचं म्हणणं सामूहिकपणे मांडलं जाईल अशी जागा नाही.

आयसीसीनं २०२५ मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती बंधनकारक केली आणि संघांना कन्कशनचे बदली आधीच जाहीर करायला लावले. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. साधनांच्या सक्तीबद्दलही माझं मत स्पष्ट आहे: ती हवीच, कारण तीन चेंडूंपुरता घेतलेला निर्णय हा स्वातंत्र्याचा पुरावा मानता येत नाही. पण खेळाडूच्या हातून नकार काढून घेतला, तर मोबदल्यात त्याला दोन गोष्टी द्यायला हव्यात. संघाच्या पगारावर नसलेला डॉक्टर, आणि नियम ठरतात त्या टेबलाशी त्याचा स्वतःचा प्रतिनिधी. पहिली गोष्ट आयसीसीनं नियमावलीत लिहावी. दुसरी बीसीसीआयनं मान्य करावी, आणि ती मिळेपर्यंत खेळाडूंनी मागत राहावी.